रावपुऱ्यातला फ्रेमवाला: फ्रेम झकास, प्रिंटच्या वेळी मात्र समोर उभं राहा

जुन्या चित्रांचे प्रिंट काढून फ्रेम करून देणारा बडोद्यात चांगला कोण असं मला सारखं कोणी ना कोणी विचारतं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. दुकान रावपुऱ्यात आतल्या गल्लीत आहे, नाव इथे टाकत नाही कारण तक्रारी पण लिहायच्यात आणि काका माणूस म्हणून अगदी सज्जन आहेत.

काम काय होतं ते आधी सांगते. आमच्या मंडळात गणपतीत मखराच्या बाजूला एक छोटं प्रदर्शन लावतात, ह्या वेळचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात आपल्याकडे आलेले गोरे, म्हणजे रेसिडेंट (राजाच्या दरबारात बसवलेला कंपनीचा वकील), पाद्री, मिशनरी, आणि त्यांची किंवा त्यांनी काढलेली पोर्ट्रेट्स. चित्रं निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आता बऱ्याच परदेशी म्युझियमच्या साइटवर मोठ्या फाइल फुकट उतरवता येतात, तेव्हा चित्र मिळवणं सोपं झालंय, खरी लढाई छपाईची असते.

आधी चांगलं. फ्रेमिंगला तोड नाही. पट्टीचे चारही कोपरे असे जुळलेले की नख फिरवलं तरी अडकत नाही, माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) ऑफव्हाइट आणि खालच्या बाजूला थोडा जास्त सोडलेला (हे न सांगता केलं, ह्यावरून कळतं की माणसाला काम येतं), मागून एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) लावून कडेने ब्राऊन टेप पक्की, म्हणजे धूळ आणि झुरळं दोन्हीला दार बंद. सोनेरी कोरीव पट्टी घ्या म्हणून ते आग्रह करतात, साहेब लोकांना तीच शोभते म्हणे, पण ट्यूबलाइटखाली ती लग्नाच्या हॉलसारखी चमकते, काळपट सागवानी रंगाची साधी घ्या. १२ बाय १८ चा एक नग प्रिंट, माउंट, काच धरून बाराशेच्या आसपास पडला. रेट ठीकच म्हणायचा.

आता प्रिंट. इथे बसा जरा.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ ला मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी रेसिडेंट मॅलेटच्या बोलावण्यावरून पुण्याला गेला, तिथे त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकत्र असलेलं मोठं तैलचित्र केलं, ते आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. चित्रातले पेशवे अठरा वर्षांचे. पुढे चित्रकार आणि पेशवे दोघंही १७९५ मध्येच गेले. तर ह्या चित्रातले नाना म्हणजे लांबट, बारीक, गाल बसलेला चेहरा, बघताक्षणी वाटतं की ह्या माणसाने बरीच जागरणं काढलीयेत. दुकानातून प्रिंट आला त्यात नानांचे गाल भरलेले, कातडी गुळगुळीत, डोळ्यांत चमक, थेट सिरियलमधले नाना! मी विचारलं हे काय, तर काका खुश होऊन म्हणाले, "बेन, एआय मारलं ने, जुओ केटलुं सरस लागे छे." (बघा किती छान दिसतंय.) म्हणजे त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवर फाइल आपणहून "साफ" केलेली. त्यांच्याकडे येणारं निम्मं काम आजी-आजोबांचे फाटके फोटो नवे करून देण्याचं, तिथे हे चालतं, लोक वर खुश होऊन जातात.

पण खरा कहर दरबारच्या चित्रात झाला. मॅलेटने १७९० मध्ये पेशव्यांशी टिपूविरुद्ध तह केला त्याचं ते चित्र, वेल्सने सुरू केलं, एकेका माणसाची स्केचेस काढून ठेवली आणि पूर्ण व्हायच्या आत गेला, मग थॉमस डॅनियलने इंग्लंडमध्ये त्या स्केचेसवरून ते रंगवलं आणि १८०५ ला रॉयल अकॅडमीत लावलं. म्हणजे गंमत बघा, तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोचलाच नव्हता आणि डॅनियल पण त्या दरबारात नव्हता, तरी त्या चित्राची किंमत आहे ती वेल्सने समोर बसून टिपलेल्या चेहऱ्यांमुळे. पगड्या, भुवया, नाकं, पोटं, सगळी वेगवेगळी. आणि आमच्या प्रिंटमध्ये मागच्या दोन रांगांतल्या सगळ्या दरबाऱ्यांना एकच नाक आणि एकच मिशी! मशीनला बारीक चेहरा दिसला नाही की ते आपल्याकडचा तयार चेहरा बसवतं, तेच झालं. एका माणसाला तर पगडीच्या खाली दोन कान एकाच बाजूला आलेले, ते आमच्या कार्यकर्त्यांनी आधी पाहिलं आणि मग दिवसभर हसत बसले.

बिशप हेबरचं वेगळं दुखणं. हा कलकत्त्याचा बिशप, १८२५ मध्ये बडोद्यात येऊन दुसऱ्या सयाजीरावांना भेटून गेला आणि पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला वारला, म्हणून आपल्या गावाच्या दृष्टीने तो हवाच होता. त्याचं मी एनग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) घेतलेलं, फिलिप्सने केलेल्या पोर्ट्रेटवरून केलेलं. एनग्रेव्हिंगमध्ये सावली म्हणजे रंग नसतोच, बारीक बारीक रेघा असतात, गालावर वळणाऱ्या, कोटावर आडव्या-उभ्या, त्या रेघा हेच ते चित्र. सॉफ्टवेअरला वाटलं हा कचरा, पुसून टाकला. हातात आला एक राखाडी ढग आणि त्यात दोन डोळे.

आणि विल्यम केरी! ह्याच्यावरून मात्र माझा आवाज चढला. बंगालमधल्या श्रीरामपूरचा मिशनरी, ज्याने १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० ला मोडी लिपीत कोश, दोन्हीला वैजनाथ पंडितांची मदत होती. रॉबर्ट होमने काढलेलं त्याचं प्रसिद्ध पोर्ट्रेट आहे त्यात केरीबरोबर त्याचा बंगाली पंडित पण आहे, आणि मी ते चित्र निवडलं होतं ते त्या पंडितासाठीच. फ्रेमच्या साइझला बसत नव्हतं म्हणून दुकानात पंडित कापला. पूर्ण माणूस! "मेन साहेब तो आवी गया ने," (मुख्य साहेब तर आलेत ना) असं वर उत्तर. दोनशे वर्षांनी पण पंडितच कापला जातो बघा.

हे सगळं झाल्यावर काकांनी वाद घातला नाही हे मान्य करायला हवं. केरी फुकट परत छापला, पंडितासकट, माउंट रुंद करून. हेबर आणि दरबार परत छापायचे निम्मे पैसे घेतले, ते मला पटलं नाही, पण गणपती तोंडावर होते. दुसऱ्या वेळी मी मुलाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि मूळ फाइल जशीच्या तशी काढायला लावली, तेव्हा प्रिंट खरंच सुंदर आला. बडोद्याचे पहिले रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर, रेबर्नने काढलेले, त्यांच्या चेहऱ्यावरचे ब्रशचे चपटे फटकारे मॅट कागदावर जवळून मोजता येतील इतके स्वच्छ. मशीन चांगली आहे, कागद चांगला आहे, हौस जास्त आहे.

सगळ्यात छान आला तो तंजावरच्या संगमरवरी शिल्पाचा फोटो. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ मरणशय्येवर आणि दुसरे सरफोजीराजे भोसले त्याचा हात हातात घेऊन, फ्लॅक्समनने घडवलेलं, राजांनीच करून घेतलेलं. लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच्यासमोर उभे होते, आणि भोसले तंजावरला कसे, ह्यावर दोन आजोबांची चांगलीच जुंपली.

जाणार असाल तर माझं ऐका. फाइल द्यायच्या आधी पिक्सेल बघा, १२ बाय १८ इंचाला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० लागतात, त्याच्या निम्म्यापर्यंत भिंतीवर चालून जातं, त्याखाली असेल तर साइझ छोटा करा पण "वाढवून देतो" ला हो म्हणू नका. "एआय नको, कलर करेक्शन नको, क्रॉप नको" हे बिलावर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं काका विसरतात. कॅनव्हासवर घेऊ नका, तैलचित्राचा नुसता आव येतो आणि चेहऱ्यावर कापडाची वीण दिसते, मॅट कागद घ्या. रंग पिवळट वाटला तर घाबरू नका, जुनं व्हार्निश तसंच दिसतं, खात्री करायची असेल तर फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची पोर्ट्रेट्स बघून या, नाहीतर कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीत युरोपियन तैलचित्रं आहेतच, खरा रंग डोळ्यात बसला की दुकानात कोणी गंडवू शकत नाही.

फ्रेमला पाचपैकी पाच. प्रिंटला, शेजारी बसलात तर चार, फाइल मेल करून घरी बसलात तर एक. रविवारी बंद असतं, आणि दिवाळीच्या आधी तर जाऊच नका, तेव्हा सगळं बडोदं आपले आजोबा गोरे करून घ्यायला तिथे रांगेत असतं.