घरी वाफेचं मशीन घ्यावं की स्पेसर?

डिस्चार्जचा कागद हातात पडला की आई नाहीतर आजी हमखास विचारते, "सिस्टर, घरीच वाफेचं मशीन (नेब्युलायझर) घेऊन टाकावं का?" थंडीत धाप लागून दुसऱ्या-तिसऱ्यांदा ॲडमिट झालेल्या लेकराच्या घरचा हा प्रश्न. मुलांच्या वॉर्डात काम करताना मी बहुतेकांना एकच सांगते: डॉक्टरांनी साल्बुटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, लिहून दिलं असेल, तर आधी पंप (इनहेलर) आणि मास्क लावलेला स्पेसर घ्या. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, फवारा तिच्यात जातो आणि लेकरू तिथून श्वासावाटे घेतं.

औषध दोन्हींतून तेच जातं. धाप हलकी किंवा मध्यम असेल तर नीट वापरलेल्या स्पेसरनं मशीनइतकाच आराम पडतो, छातीतली धडधड उलट कमी होते. पण मशीनचा आवाज आणि पांढरी वाफ पाहिली की घरच्यांना खरं औषध तेच वाटतं. त्यात "पंपाची सवय लागते" ही भीती. सवय लागत नाही. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम साल्बुटामॉल असतं, तर सिरपच्या ५ मिलीत साधारण २ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. थेट छातीत जातं म्हणून थोडकं पुरतं.

मशीन महाग, त्याला वीज लागते, आणि एका वेळेला पाच-दहा मिनिटं जातात. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या, किंवा दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या घरानं रात्री दोन वाजता कोपीत (पाचटाच्या झोपडीत) ते चालवायचं कशावर? लेकराला धाप लागते ती तिथंच, थंडीत आणि चुलीच्या धुरात. स्पेसर कपड्यांच्या पिशवीत बसतो.

वापरायची रीत मात्र शिकून घ्या, घरी जाण्याआधी सिस्टरसमोर एकदा करून दाखवा. पंप हलवायचा, मास्क नाका-तोंडावर घट्ट बसवायचा, एकच फवारा मारायचा, लेकराचे पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क हलवायचा नाही. मग पंप पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारू नका. लेकरू रडत असेल तर औषध छातीत फार कमी उतरतं, म्हणून आधी मांडीवर घेऊन शांत करा. मशीनचंही तसंच. मास्क चार बोटं लांब धरून दिलेली वाफ हवेतच जाते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळू द्या. फडक्यानं घासला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषध आतच चिकटून राहतं. मशीनची औषध ओतायची कपी प्रत्येक वेळी धुवावी लागते, उरलेलं औषध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

धाप जोराची असेल तेव्हा मशीन खरं कामाला येतं, पण ते दवाखान्यातलं, ऑक्सिजनवर चालणारं. घरचं मशीन खोलीतलीच हवा ढकलतं. रात्रभर वाफ देत बसून पहाटे ओठ निळे पडल्यावर आणलेली लेकरं मी पाहिली आहेत.

वर्षाच्या आतल्या बाळाला सर्दीनंतर पहिल्यांदाच घरघर लागली असेल, तर दोन्हींपैकी काहीच विकत घेऊ नका. बऱ्याचदा तो ब्राँकिओलायटिस असतो. विषाणूमुळे बारीक श्वासनळ्या सुजतात, तिथं साल्बुटामॉलचा फारसा उपयोग होत नाही. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब, आणि थोडं थोडं पण वारंवार दूध, एवढं करा आणि बाळावर लक्ष ठेवा.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले तर त्याच दिवशी दाखवा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढवत नसेल, बाळ सुस्त पडलं असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी सांगून ठेवलेले फवारे गाडीची वाट बघताना देता येतात, आणि केजहून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीतही.