कोसला (भालचंद्र नेमाडेंची कादंबरी), जुनी प्रत: साडेचार स्टार

अप्पा बळवंत चौकात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळालं, "ताई घेऊन टाका, हे दोन दिवस पण राहत नाही" म्हणाला म्हणून घाईत घेतलं, घरी येऊन उघडते तर आधीच्या मालकाने प्रत्येक 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'खाली पेन्सिलने रेघ मारलेली. सुरुवातीच्या भागात तरी प्रत्येक म्हणजे प्रत्येक. डोक्यातच गेलं आधी.

पण खरं सांगू, कॉलेजात वाचलं तेव्हा हे शब्द मला नुसती गंमत वाटलेले, यावेळी रेघांमुळे सारखी अडखळत वाचलं आणि तेव्हा कुठे ट्यूब पेटली. पांडुरंग सांगवीकर स्वतःची गोष्ट स्वतः सांगतोय, सुरुवातीलाच म्हणतो मी आज उदाहरणार्थ २५ वर्षांचा आहे, अरे बाबा वयाला कसलं उदाहरण! पण तो असाच आहे, कुठलीच गोष्ट पूर्ण अंगाला लावून घ्यायची नाही, जरा काही मनाला लागेल असं वाटलं की वगैरे लावायचं आणि सटकायचं. स्वभाव कसा आहे ते तो सांगत बसत नाही, बोलण्यातून आपल्यालाच कळतं.

वडिलांचं तर भारीच. त्यांच्याबद्दल हा बहुतेक वाकड्यातच बोलणार, पण पुण्यात शिकायच्या खर्चाचे पैसे, मेसचा घोळ, हे विषय निघाले की पैशाच्या हिशोबाआडून बापलेकाचं काय चाललंय ते दिसतं. वडिलांची बाजू आपल्याला मिळतच नाही, जे मिळतं ते याच्या तोंडून, आणि तरी मला मधूनमधून वडीलच बरोबर वाटले. सांगणाऱ्याच्या नकळत आपण समोरच्या पार्टीत जातो, हे कसं जमवलंय देव जाणे. १९६३ चं पुस्तक आहे, नेमाडे तेव्हा स्वतः पंचविशीतले!

आणि मग मनी वारते. त्याची धाकटी बहीण. तिथे त्याचं ते सगळ्यावर हसणं चालतच नाही, इतका वेळ जो माणूस कशाचंच काही वाटत नाही असं दाखवत होता तो आपल्यासमोर उघडा पडतो. मी बसमध्ये वाचत होते, स्टॉप गेला माझा.

अर्धा स्टार होस्टेलच्या भागासाठी कापला. पोरांची नावं इतकी येतात की कोण कुठला लक्षात राहत नाही, तेच चहा, तेच टाइमपास, मी काही पानं सरळ उडवली (नेमाडेप्रेमींनी मारू नये). आधीचा मालक पण तिथेच कंटाळला असणार, कारण रेघा त्याच भागात बंद पडल्यात, म्हणजे मनीपर्यंत तो बहुतेक पोचलाच नाही.

माझ्या प्रतीत अक्षर बारीक आहे आणि मधली पानं सुटायला आलीत. चष्मा असेल तर नवीनच घ्या.