‘पाणथळ नाही’ असं सरकारी पत्र दाखवून खाडीकाठची जमीन गळ्यात मारली

धरमतर खाडीच्या बाजूला जमीन बघत असाल तर व्यवहाराआधी हे वाचा. माझ्या मावशीने निवृत्तीच्या पैशांतून तिथे अर्धा एकर घेतली. माहेरची शेती असल्याने शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. आज त्या जमिनीवर साधी पत्र्याची शेडही उभी करता येत नाही. आणि दलालाने दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता, संताप येतो तो याचाच.

त्याचा हुकमी कागद म्हणजे माहितीच्या अधिकारात आलेलं उत्तर. गट नंबर, सही, शिक्का, सगळं रीतसर. मजकूर एका ओळीचा: सदर गट पाणथळ जागांच्या यादीत समाविष्ट नाही. “ताई, सरकारनेच लिहून दिलंय. आता बिनधास्त बांधा,” असं सांगून त्याने विसार घेतला. सोबत जुन्या नोंदींचा सातबारा होता, त्यावर पीक भात.

उत्तर खरंच होतं, पण बांधकामाशी त्याचा संबंध नव्हता. 2017 च्या पाणथळ नियमांतून भातखाचरं, मिठागरं आणि सीआरझेडखाली (किनारा नियमन क्षेत्र, जिथे बांधकामावर निर्बंध असतात) येणारा भाग मुळातच वगळलेला आहे. त्यामुळे अशा जमिनीचं नाव त्या यादीत सापडायचंच नाही. तिला लागू होते 2019 ची सीआरझेड अधिसूचना आणि ती कितीतरी कडक आहे. “समुद्र कुठे, आपण कुठे!” हे दलालाचं दुसरं पालुपद. पण सीआरझेड खाडीलाही लागतो, जिथवर भरतीचं पाणी चढतं तिथवर. त्याने अर्जात नेमका तेवढाच प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर सोयीचं येणार होतं. याला मी ठरवून केलेली फसवणूक म्हणतो.

पेण-अलिबागकडच्या लोकांना या जमिनींची कहाणी ठाऊक आहे. खारबंधाऱ्याला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, खांड पडते, खारं पाणी आत शिरतं, भात बंद होतं आणि बघता बघता तिवरं (खारफुटीची झाडं) माजतात. कागदावर मात्र भातच राहतं. मावशीला जागा दाखवली मे महिन्यात, ऐन ओहोटीला, वर लाल मुरूम पसरून. पावसाळ्यात उधाणाला आम्ही गेलो तेव्हा मुरूम खचला होता आणि कडेने तिवरांची मुळं बोटभर वर आली होती, चिखलातून खिळे ठोकल्यासारखी. शेजारी खेकड्यांची बिळं. त्या मुरुमाखाली काय गाडलंय ते तिथेच कळलं.

घराचा आराखडा करणाऱ्या आर्किटेक्टने गट नंबर सीआरझेड नकाशावर बसवून पाहिला. अर्धी जमीन कांदळवनात, म्हणजे तिवरांच्या जंगलात, उरलेली त्याच्या 50 मीटरच्या पट्ट्यात. कांदळवनाच्या सर्व बाजूंनी 50 मीटरपर्यंत बांधकाम आणि भराव करायचा नाही, मग जमीन खाजगी असो वा सरकारी, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये बजावलं आणि 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कायम केलं. ते योग्यच आहे. हीच तिवरं उधाणाचं पाणी अडवतात आणि मासळीची पिल्लं वाढवतात. माझा राग नियमावर नाही, तो लपवून पैसे उकळणाऱ्यावर आहे.

पुढचा फटका त्याहून वाईट. बेकायदा भरावाची नोटीस आली ती मावशीच्या नावाने, कारण सातबाऱ्यावर आता तिचं नाव. मुरूम टाकणारा नामानिराळा. आम्ही भरावाची तारीख दाखवणारी जुनी उपग्रह छायाचित्रं जोडून उत्तर दिलंय आणि दलालाविरुद्ध पोलिसांत तक्रारही केली आहे.

तुम्ही घेणार असाल तर यादीचं पत्र बाजूला ठेवा. मोजणी नकाशा घ्या आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मंजूर नकाशावर तुमचा गट कुठे बसतो ते स्वतंत्र माणसाकडून तपासून घ्या. भरतीरेषेची आखणी केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेचीच धरा, विकणाऱ्याने आणलेल्या सर्व्हेअरची नको. दस्त नोंदवला गेला म्हणजे बांधकामाला मोकळीक मिळाली असंही नाही. नोंदणी कार्यालय सीआरझेड तपासत नाही. जागा अमावास्येला किंवा पौर्णिमेला भरतीच्या वेळी जाऊन बघा. ताजा मुरूम दिसला तर त्याच्या कडा उकरून पाहा, आणि गावातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारा की इथे शेवटचं भात कधी लावलं होतं.

त्याच गटातले उरलेले तुकडे अजून विक्रीला आहेत आणि त्याच पत्राची झेरॉक्स गिऱ्हाइकांना दाखवली जातेय.