सांता, एल्फ आणि झूमची खिडकी : काही महिने ‘कॉमेडी बँग! बँग!’ ऐकल्यानंतर

‘कॉमेडी बँग! बँग!’ हा अमेरिकन पॉडकास्ट मी गणपतीच्या सुमारास ऐकायला घेतला, आता होळी तोंडावर आली आहे. मधल्या काळात नवे भाग ऐकले, जुने शोधून ऐकले, आणि सगळ्यात जास्त वेळ घालवला तो दरवर्षी डिसेंबरात येणाऱ्या नाताळ-विशेष भागांवर. त्यातही २०२० चा काळ, म्हणजे करोनामुळे सगळे कलाकार आपापल्या घरात बंद असताना रेकॉर्ड झालेले भाग, मी परत परत ऐकले. विनोदाच्या नावाखाली मी आजवर जे काही ऐकलं आहे, त्यात हे भाग फार वरच्या जागी आहेत असं माझं मत झालंय. ते का, हे जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कॉट ऑकरमन हा लॉस एंजेलिसचा विनोदकार या कार्यक्रमाचा सूत्रधार. २००९ च्या मे महिन्यात तिथल्या एका इंटरनेट रेडिओवर वेगळ्या नावाने हा सुरू झाला, २०११ मध्ये आजचं नाव मिळालं. पुढे याच नावाने टीव्ही मालिकाही आली, २०१२ ते २०१६ चालली. पॉडकास्टचा ढाचा साध्या मुलाखतीचा. आधी एखादा खराखुरा पाहुणा येतो, गप्पा होतात. मग दार उघडून दुसरा ‘पाहुणा’ येतो, आणि हा माणूस जगात कुठेही नसतो. कलाकाराने घेतलेलं ते सोंग असतं. संहिता नसते. सूत्रधार प्रश्न विचारतो आणि समोरचा त्या क्षणी सुचेल तसं स्वतःचं आख्खं आयुष्य रचत जातो.

सुरुवातीला वाटतं की सगळी कमाल सोंग घेणाऱ्याची. काही आठवड्यांनी कान तयार होतात आणि कळतं की अर्धी कमाल प्रश्न विचारणाऱ्याची आहे. तमाशातली बतावणी ज्यांनी रंगलेली पाहिली आहे त्यांना हे पटकन समजेल. सोंगाड्या उडतो तो समोरचा त्याला बरोब्बर जागी अडवतो म्हणून. ऑकरमन नेमकं हेच करतो. समोरचा म्हणाला की मी उत्तर ध्रुवावर राहतो, तर तो ‘काहीतरीच काय’ म्हणत नाही. तो विचारतो, भाडं किती आहे? शेजारी कोण? आणि तिथून गोष्ट सुटते. ऐकलेलं खरं मानायचं, आणि हे खरं असेल तर आणखी काय काय खरं असेल, याचा पाठपुरावा करायचा, हा या कलेचा पाया आहे. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी नाट्यखेळ रचले, त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ ही विनोदी नाट्यसंस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, आणि तिथून ही उत्स्फूर्त अभिनयाची परंपरा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसपर्यंत पसरली. या पॉडकास्टमधले बरेचसे आवाज त्याच तालमीतले.

आता नाताळचे भाग. हे नेहमीच्या भागांपेक्षा लांब असतात आणि त्यात गर्दी असते. वर्षभर येऊन गेलेली पात्रं परत येतात, आणि त्यांच्यात खास नाताळची पात्रं मिसळतात. लॉरेन लॅपकसची ‘हो हो’ ही वाह्यात एल्फ त्यातली माझी सगळ्यात लाडकी. चिरका आवाज, तोंडाला अजिबात कुलूप नाही, आणि सांताच्या कारखान्यातला मदतनीस म्हणजे गोड, निरागस जीव असणार ही आपली समजूत पार उधळून लावणारी. लॅपकस आवाज बदलते एवढ्यावर भागत नाही. त्या आवाजातलं माणूस कशाला घाबरतं आणि कशाला चटावलेलं आहे हे तिला ठाऊक असतं, त्यामुळे कुठलाही अनपेक्षित प्रश्न आला तरी उत्तर त्या पात्राचंच येतं. पॉल एफ. टॉम्पकिन्सचं तंत्र याच्या उलट. तो अत्यंत सभ्य, भारदस्त, शब्द चघळत बोलणारी माणसं उभी करतो. ब्रिटिश संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आणि जर्मन चित्रपट-दिग्दर्शक वर्नर हर्झॉग यांच्या त्याने केलेल्या नकला या कार्यक्रमात गाजल्या आहेत. अशी भारदस्त माणसं आणि वाह्यात एल्फ एकाच टेबलाशी बसले की काय होऊ शकतं हे प्रत्यक्ष ऐकायला हवं, लिहून ते पोचवता येणार नाही.

मी वसईचा. नाताळ हा आमच्या घरचा सण आहे. येशूजन्माचा गोठा करणं, घरात तळणीचा वास, चर्चमधला मध्यरात्रीचा मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी, एवढं लहानपणापासून चालत आलंय. सांताक्लॉज मात्र आम्हाला गोष्टीतला पाहुणा. त्यामुळे ‘सांताची थट्टा’ ऐकताना आतून काही दुखावतं का, हे मी स्वतःशी तपासत होतो. नाही दुखावत. येशूजन्माच्या गोष्टीला हे लोक हात लावत नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण रोख असतो तो सांताच्या पसाऱ्यावर, आणि तो पसारा थट्टेला अगदी योग्य आहे. मुळात तो माणसांनी एकमेकांच्या बोलण्यात भर घालत उभा केलेला आहे.

हे मला महिनोन्‌महिने ऐकल्यावर उमगलं आणि तेव्हापासून या भागांकडे मी वेगळ्याच आदराने पाहतो. सांताच्या गाडीला आठ रेनडिअर आहेत हे १८२३ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका कवितेने सांगितलं. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’तल्या चित्रांतून त्याला पोट आणि दाढी पक्की करून दिली, आणि १८६६ च्या चित्रात त्याचा पत्ता उत्तर ध्रुवाचा दिला. लाल नाकाचा नववा रेनडिअर रूडॉल्फ तर १९३९ मध्ये शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकान-कंपनीने मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी रॉबर्ट मे या आपल्या नोकराकडून लिहून घेतला. १९५५ पासून अमेरिकेचं, आणि पुढे अमेरिका-कॅनडाचं संयुक्त, हवाई संरक्षण दल नाताळच्या रात्री सांताची गाडी रडारवर कुठे दिसते हे मुलांना फोनवर सांगतं. एकानेही आधीच्याला ‘हे खोटं आहे’ म्हटलं नाही. प्रत्येकाने मान्य केलं आणि एक वीट वर ठेवली. म्हणून उत्स्फूर्त विनोद करणाऱ्याच्या हातात सांता आला की त्याला जमीन आयती तयार मिळते. ऐकणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं, मग एक छोटीशी अडचण घातली की पुरे.

आणि २०२० ने ती अडचण जगभर घालून ठेवली होती. साठी उलटलेला, लठ्ठ, एका रात्रीत प्रत्येक घरात शिरणारा माणूस! त्या डिसेंबरात हा प्रश्न मुलं खरोखरच विचारत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मारिया व्हॅन केरकोव्ह यांनी १४ डिसेंबरला पत्रकार परिषदेत सांगितलं की सांताला या विषाणूपासून संरक्षण आहे आणि अनेक देशांनी त्याला आपल्या हवाई हद्दीत येऊ द्यायचं ठरवलंय. पाच दिवसांनी अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी टीव्हीवर मुलांना सांगितलं की मी स्वतः उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला लस टोचून आलो. जगातले दोन सर्वांत गंभीर आवाज, सर्वांत गंभीर वर्षात, मुलांच्या प्रश्नाला मान देऊन गोष्ट पुढे नेत होते. मला हे वाचून भरून आलं होतं. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात दीडशेहून अधिक वर्षं बसणारा सांता त्या वर्षी बसला नाही, आणि तरी सांता कुठे गेला याचं उत्तर द्यायला मोठी माणसं पुढे आली.

या विनोदकारांच्या पायाखालची जमीन त्याच वेळी सरकत होती. ऑकरमनचा रंगमंचावरचा कार्यक्रम ज्या थिएटरात वर्षानुवर्षं चालला त्या ‘अपराइट सिटिझन्स ब्रिगेड’ने एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या जागा कायमच्या बंद केल्या. जूनमध्ये शिकागोच्या ‘आयओ’ थिएटरने टाळं लावायचं जाहीर केलं. ऑक्टोबरात ‘सेकंड सिटी’ विकायला निघाली. (‘आयओ’ पुढे २०२२ मध्ये पुन्हा उघडलं, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं.) पॉडकास्ट मात्र थांबला नाही. माणसं घराघरांतून झूमवर जमू लागली.

इथे तांत्रिक गोष्ट समजून घेतली तर ऐकण्याची गोडी वाढते. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी फक्त २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच उत्तराची जुळवाजुळव करत असतो. इंटरनेटवरून आवाज पोचायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो. ज्या कलेचा प्राण क्षणार्धातल्या प्रतिसादात आहे तिच्यासाठी हे फार वाईट. एकत्र गाणं तर जवळपास अशक्यच होतं. अशा दूरस्थ रेकॉर्डिंगमध्ये साधारणपणे प्रत्येकजण आपला आवाज आपल्याच यंत्रावर टिपतो आणि नंतर तंत्रज्ञ ते धागे एकत्र जुळवतो, म्हणून आपल्याला ऐकताना तो खड्डा कमी जाणवतो. पण बोलणाऱ्यांना तो त्या क्षणी जाणवत असणारच.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्या काळातले भाग मला खडबडीत वाटले. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. पुढे मात्र मला त्या थांबण्यातच गोडी वाटू लागली. आवाज आदळले की कुणीतरी मागे सरतो आणि दुसऱ्याला जागा देतो. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव घेऊन बोलतात. खोलीत असताना डोळ्यांनी जे सांगता येतं ते आता शब्दांनी सांगावं लागतं, त्यामुळे पात्रांची बोलणी लांबतात आणि कधी कधी त्या लांबण्यातच अशी एखादी वेडी वळणं येतात जी स्टुडिओत आली नसती. आणि हसणं! प्रेक्षक नाहीत, त्यामुळे ऐकू येतं ते फक्त सोबत्यांचं हसणं. समोरच्याच्या ओळीवर सूत्रधाराला हसू आवरत नाही, तो प्रश्न विचारू शकत नाही, आणि पात्र मात्र गंभीरपणे वाट बघत राहतं. मला त्या भागांमधलं सगळ्यात मौल्यवान काही विचाराल तर मी हे सांगेन.

त्या डिसेंबरात ते लोक ज्या शहरात होते तिथली स्थिती आठवली की या हसण्याचं वजन कळतं. १७ डिसेंबरला दक्षिण कॅलिफोर्नियात अतिदक्षता विभागांतली शिल्लक क्षमता शून्य टक्क्यांवर आली होती. आपल्याकडेही २२ डिसेंबरपासून राज्यातल्या महापालिका क्षेत्रांत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी होती. मध्यरात्रीचा मिस्सा आमच्याकडे त्या वर्षी मध्यरात्री झाला नाही. आई घरातल्या टीव्हीसमोर डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. ते वर्ष मी विसरलेलो नाही, आणि तेव्हाच रेकॉर्ड झालेला मूर्खपणा आज ऐकताना मला त्यात पळवाट अजिबात दिसत नाही. एकमेकांना फोन करून जेवलास का विचारणारी माणसं जे करत होती तेच हे लोक करत होते, एल्फचा आवाज काढून.

आता वापरातल्या गोष्टी. कार्यक्रम इंग्रजीत आहे, बोलणं वेगवान, अमेरिकन टीव्ही आणि सेलिब्रिटींचे संदर्भ भरपूर. माझे अंदाजे तिसरा भाग संदर्भ आजही डोक्यावरून जातात, पण पात्र कळलं की संदर्भ नाही कळला तरी चालतं. शिव्या आणि चावट बोलणं मुबलक आहे, नाताळ-विशेषमध्ये तर जास्तच. मुलांबरोबर, किंवा स्पीकरवर लावून घरात, मुळीच ऐकू नका. नवे भाग नेहमीच्या पॉडकास्ट ॲपवर फुकट मिळतात, जुना साठा ऐकायला त्यांचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व लागतं. मी काही काळासाठी ते घेतलं आणि मला ते पैसे वसूल वाटले, पण आधी फुकटचे भाग ऐकून आवडतंय का ते पाहा. लांबी साधारण तास-दीड तास, म्हणजे वसईहून चर्चगेटला जाता जाता एक भाग जवळपास पुरा होतो. नाताळ-विशेषला जाणं-येणं दोन्ही लागतं.

एक कळकळीची विनंती : वेग वाढवून ऐकू नका. बातम्या, व्याख्यानं दीडपट वेगाने ऐकायची सवय अनेकांना आहे. इथे विनोद दोन वाक्यांमधल्या थांब्यात असतो. वेग वाढवला की तो थांबा मरतो आणि उरतो फक्त गोंगाट. हेडफोनही जरा बरे घ्या, कारण घरून रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा दर्जा माणसागणिक बदलतो.

न आवडलेलं : काही भागांत पाहुणे इतके जास्त होतात की शेवटी आलेल्या पात्राला वेळच मिळत नाही, आणि कधी एखादी गंमत तिच्या आयुष्यापेक्षा लांब ओढली जाते. उत्स्फूर्त कलेत हे होणारच, काही प्रयोग बसत नाहीत. मला तेही ऐकायला आवडतात, कारण न बसणारी गोष्ट चौघं मिळून कशी सावरतात ते कळतं. पण तुम्हाला घट्ट बांधलेला विनोद, दर मिनिटाला पक्का हशा हवा असेल तर इथे चिडचिड होईल.

आणि सुरुवात नाताळ-विशेषपासून करू नका. हा माझा सगळ्यात ठाम सल्ला. त्यात वर्षभराची पात्रं येतात, त्यांच्यातली जुनी भांडणं आणि जुन्या थट्टा येतात, नवख्याला लग्नघरात अनोळखी म्हणून उभं राहिल्यासारखं वाटेल. टॉम्पकिन्स किंवा लॅपकस पाहुणे असलेले दोन-चार साधे भाग आधी घ्या. मग २०२० च्या वसंतातले, घरून रेकॉर्ड केलेले सुरुवातीचे भाग घ्या, जिथे सगळे अजून चाचपडतायत. त्यानंतर त्याच वर्षाचा नाताळ-विशेष लावा. तोवर आवाज ओळखीचे झालेले असतील, आणि हेच लोक एप्रिलमध्ये कुठे होते आणि डिसेंबरात कुठवर पोचले हे तुम्हालाही स्वच्छ ऐकू येईल.