ब्रूपब की टॅपरूम? पुण्यात क्राफ्ट बिअर प्यायची तर

पुण्यातल्या क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरींत बनणाऱ्या बिअर, एकेक करून चाखायच्या असं मनावर घेतलंत की पहिल्याच शनिवारी प्रश्न पडतो. जिथे काचेपलीकडे टाक्या दिसतात त्या मोठ्या ब्रूपबमध्ये जायचं, की एखाद्या ब्रुअरीने स्वतःची बिअर विकायला उघडलेल्या छोट्या टॅपरूममध्ये? मी दोन्हीकडे बराच वेळ घालवला आहे, मित्रमंडळींबरोबर आणि एकट्यानेही. दोन्हींवर माझा जीव आहे. पण हल्ली कुणी विचारलं की मी टॅपरूमचं नाव आधी घेतो. त्यामागे कारण एकच आहे, आणि दिसायला ते अगदी किरकोळ आहे.

आधी ब्रूपबचं देणं मान्य करायला हवं. 2009 साली डूलालीने कोरिंथियन्स क्लबात सुरुवात केली तेव्हा महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोटी ब्रुअरी, हा प्रकारच नवा होता. 2014 मध्ये मुंढव्यात इंडिपेन्डन्स आलं, कोरेगाव पार्कात एफिंगट आलं, पुढे बंगळुरूच्या इंदिरानगरातलं टॉइटही पुण्यात येऊन स्थिरावलं. बाटलीतल्या नेहमीच्या फिकट लागर बिअरपलीकडे काही असतं हे पुणेकरांना या जागांनी शिकवलं. गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे, त्यात केळं घातलेलं नसतं, हे मला एका ब्रूपबच्या काउंटरवरच कळलं. बिअर बनवणारा माणूस त्या दिवशी स्वतः खाली आला होता. त्याने फरमेंटरच्या, म्हणजे आंबवायच्या टाकीच्या, नळातून अर्धवट तयार झालेली बिअर काढून हातात दिली. गढूळ, कोमट, गोडसर. त्याच टाकीतली बिअर दोन आठवड्यांनी जाऊन प्यायलो तेव्हा मधल्या काळात यीस्टने काय काम केलं ते जिभेला समजलं. हे शिक्षण टॅपरूममध्ये मिळत नाही, कारण तिथे टाकीच नसते.

ताजेपणातही ब्रूपब पुढे, निदान कागदावर तरी. टाकी आणि तुमचा ग्लास यांच्यामध्ये दहा-वीस फुटांची नळी, बाकी काही नाही. ट्रक नाही, उन्हात उभे केलेले केग (बिअरची पिंपं) नाहीत. मे महिन्यातलं पुण्याचं ऊन बघता ही गोष्ट लहान नाही.

शिवाय खाणं. घरच्यांना, ऑफिसातल्या आठ-दहा जणांना, बिअर न पिणाऱ्या वहिनींना घेऊन जायचं असेल तर ब्रूपबच बरा. पिझ्झा मिळतो, बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची मिळते, लहान मुलं दुपारच्या वेळी सामावून जातात. टॅपरूममध्ये उंच स्टुलं, चार-पाच तळलेले पदार्थ, आणि जागा बहुधा अशा गल्लीत की रिक्षावाल्याला दोनदा पत्ता सांगावा लागतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की पारडं ब्रूपबकडे झुकलंय. बरीच वर्षं माझंही तसंच होतं.

मग खटकलं काय? एक शब्द: ‘संपली’.

शनिवारची संध्याकाळ. कोणता ब्रूपब ते महत्त्वाचं नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी अनुभवलंय. छापील, गुळगुळीत कार्ड समोर येतं. त्यावर आठ बिअर, प्रत्येकीचं वर्णन, अल्कोहोलचं प्रमाण, कडूपणाचा आकडा, ग्लासाचं चित्र. तुम्ही वाचता, शेजारच्याशी चर्चा करता, सेझाँ ही मसालेदार चवीची बेल्जियन बिअर ठरवता. वेटर म्हणतो, “सर, ती संपली.” मग स्टाउट, ती काळी बिअर. “ती पुढच्या आठवड्यात येईल.” मग आयपीए, ती कडू? तो आत जाऊन विचारून येतो, पाच मिनिटं जातात, आणि मान हलते. “व्हीट घ्या ना सर, सगळे तीच घेतात.” आठांपैकी तीन शिल्लक, आणि त्यातली एक सफरचंदाची सायडर.

एखादी बिअर संपणं हा गुन्हा नाही. ताजा माल करणाऱ्याकडे तो संपणारच. मला त्रास होतो तो कार्डाचा. ज्याने ते छापलं त्याने गृहीत धरलं की ग्राहक बिअर निवडायला आलेला नाही, बसायला आलाय, काहीही दिलं तरी चालेल. शहरातल्या ब्रुअरी समजून घ्यायच्या म्हणून जो निघालाय त्याच्यासाठी निवड हीच तर सगळी गंमत. तीच नेमकी त्याच्या हातातून काढून घेतली जाते.

यामागचं गणितही सरळ आहे. ब्रूपबला जागा शहरातली, भाडं शहरातलं, म्हणून टाक्या मोजक्या. एल प्रकारची, म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली, बिअर तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे, लागरला चार ते सहा. एका टाकीत एकच बिअर, आणि ती टाकी तितके दिवस अडकलेली. गव्हाची बिअर सर्वांत जास्त खपते, म्हणून दोन-तीन टाक्या तिच्याच नावावर. उरलेल्यांत सेझाँ, काळसर पोर्टर वगैरे आळीपाळीने. एक लांब सुट्टी आली, एक मोठी पार्टी आली, की थोड्या प्रमाणात केलेल्या बिअर आधी संपतात आणि त्यांची टाकी पुन्हा भरायला महिना लागतो. मालकाला दोष देण्यासारखं यात फार नाही. कार्डाऐवजी एक पाटी लावली तर माझी अर्धी तक्रार मिटेल.

उरलेली अर्धी जरा गंभीर आहे. मागणी फार असली की बिअर लवकर काढली जाते असा मला दाट संशय आहे. आंबवण्याच्या शेवटच्या दिवसांत यीस्ट स्वतःच तयार केलेले काही नकोसे वास परत गिळून टाकतं. तेवढे दिवस दिले नाहीत तर ग्लासात कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास राहतो, किंवा लोण्याचा. नावाजलेल्या मिसळवाल्याकडे रविवारी बारानंतर रस्सा पातळ होत जातो, तसंच हे. गर्दीच्या शनिवारी प्यायलेली व्हीट आणि त्याच जागी मंगळवारी प्यायलेली व्हीट, या दोघींत मला फरक जाणवत आलाय. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही, फक्त नाक आहे, आणि माझं नाक चुकत असेल हेही शक्य आहे. पण बरोबरच्या मित्रांनाही न सांगता तेच जाणवलंय.

आता टॅपरूम. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीला आपली बिअर केगमध्ये भरून इतर परवानाधारक जागांना देता येते, त्यामुळे हा प्रकार इथे रुजला. कर्नाटकात बनवायची तिथेच विकायची अशी मायक्रोब्रुअरीची चौकट होती, म्हणून बंगळुरूत प्रचंड ब्रूपब उभे राहिले. आपल्याकडे ब्रुअरी स्वस्त जागेत जाऊ शकते, जास्त टाक्या ठेवू शकते, आणि शहरात फक्त नळ आणि काउंटर. टाक्या जास्त म्हणजे विक्षिप्त बिअरलाही एक टाकी देण्याची हिंमत होते. पुण्यातल्याच ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीची कोकम आणि मिठाची एल घ्या. ती पहिल्यांदा प्यायलो तेव्हा उन्हाळ्यात घरी होणारं कोकम सरबत आठवलं, आणि वाटलं की ही बिअर इथल्याच माणसाला सुचू शकते. शनिवारच्या गर्दीवर पोट असलेल्या ब्रूपबला अशा बिअरसाठी टाकी अडवून ठेवणं कठीणच.

पण मला टॅपरूम आवडते ती मुख्यतः फळ्यासाठी. नळांच्या वर काळा फळा, त्यावर खडूने आजच्या बिअर. एकदा मी काउंटरवर बसलो असताना पोर्टरचा नळ अचानक फुरफुरला. नुसता फेस, मग हवा. काउंटरवरच्या मुलीने नळ बंद केला, ओलं फडकं घेतलं, स्टुलावर चढली आणि ‘पोर्टर’ पुसून टाकलं. मग मागे जाऊन नवा केग जोडला, पहिले दोन ग्लास भरून फेस सरळ मोरीत ओतला, तिसऱ्यातून घोटभर स्वतः प्यायली आणि मगच फळ्यावर पेल एलचं नाव लिहिलं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत. फळ्यावर जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. मी तेव्हाच ठरवलं की आपली जागा ही.

तिथे चव बघायला छोटा ग्लास मागितला तर कुणी तोंड वाकडं करत नाही. ब्रूपबमध्येही सॅम्पलर मिळतो, पण गर्दीच्या वेळी तो मागणं म्हणजे वेटरकडे उपकार मागितल्यासारखं होतं. आणि गाण्यांचा आवाज! टॅपरूममध्ये तो निदान इतपत असतो की ‘यात हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कोणते?’ हा प्रश्न एकदाच विचारावा लागतो.

टॅपरूमच्या बाजूने बोलताना तिची दुखरी जागा झाकणार नाही. केग आणि नळ्या. बिअरची नळी दर दोन आठवड्यांनी धुवायला हवी. धुतली नाही तर उत्तम बिअरलाही आंबूस, व्हिनेगरसारखा वास लागतो. ब्रुअरीच्या स्वतःच्या टॅपरूममध्ये याची काळजी घेतलेली मी पाहिलीय, कारण नाव त्यांचंच जातं. जिथे नेहमीच्या बारमध्ये एका कोपऱ्यात क्राफ्टचा एकच नळ आहे तिथे मात्र जपून. तो केग कधी आला, कधी लावला, कुणालाच माहीत नसतं. तिथे मी साधी बाटली घेतो. शहरातल्या ब्रुअरी समजून घ्यायच्या असतील तर हा तिसरा पर्याय सोडूनच द्या.

पैशांत माझ्या अनुभवाला फार फरक आलेला नाही. ग्लासामागे थोडं कमी-जास्त होतं. ब्रूपबमध्ये खाण्यामुळे आणि सर्व्हिस चार्जमुळे बिल फुगतं, एवढंच.

जाण्यायेण्याचं सांगायलाच हवं. गाडी घेऊन जाऊ नका, दुचाकीही नको. मे 2024 मध्ये कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरच्या दोघांचा जीव गेला, त्यानंतर हे कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये. कोथरूडकरांना तर आता सबबही नाही. वनाझला मेट्रोत बसलं की न बदलता कल्याणीनगरला उतरता येतं, परतीला रिक्षा किंवा कॅब. ओळखपत्र जवळ ठेवा, पंचविशीच्या आतबाहेर दिसणाऱ्यांनी तर नक्कीच.

मग जायचं कुठे? बाहेरगावचा पाहुणा एकाच संध्याकाळपुरता आलाय आणि त्याला मायक्रोब्रुअरी म्हणजे काय हे बघायचंय, तर त्याला ब्रूपबमध्ये न्या. टाक्या दाखवा, जमलं तर बिअर बनवणाऱ्याशी गाठ घालून द्या. घोळका मोठा असेल तरी तिथेच. पण तुम्ही दोघं-तिघं आहात, जिभेला कुतूहल आहे आणि पुढचे काही महिने हे करत राहायचंय, तर टॅपरूम धरा असं मी म्हणेन. बरोबरच्या एखाद्याला बिअर चालतच नसेल तर त्याच्यासाठी पुण्याच्याच मूनशाइनची कॉफी घातलेली मीड कुठे मिळते का ते बघा. मधापासून बनते, आणि बिअर नको म्हणणारे बरेच जण ती आनंदाने पितात.

ब्रूपबला जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार निवडा, साडेपाच-सहाच्या सुमाराला. कार्ड हातात आलं की ते न उघडता बाजूला ठेवा आणि विचारा, “आज नळावर काय काय आहे, आणि यातलं सगळ्यात अलीकडे काय लावलंय?” उत्तर लगेच आलं तर बसा. हलक्या बिअरपासून सुरुवात करा, आयपीए आणि स्टाउट शेवटी, कारण कडू हॉप्सनंतर व्हीटची चव लागत नाही. आणि गोठवलेल्या मगमध्ये बिअर आणली तर साधा ग्लास मागून घ्या. त्या बर्फगार मगमध्ये केळं-लवंग सगळं बधिर होतं.