बेळगावच्या टिळकवाडीतला संध्याकाळचा इंग्लिश ग्रामर क्लास, 'दॅट'च्या पुढचं 'वुड' शेवटी कळलं
खानापूरहून रोज बसनं येऊन दोन महिने केला हा क्लास, पैसे वसूल झाले बघा. माझी शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्लिश सगळं मनात मराठीतून जुळवायची सवय, म्हणजे 'तो म्हणाला की मी उद्या येईन' ह्याचं मी कायम 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' करायचो आणि समोरच्याला वाटायचं मीच येणारय! सरांनी फळ्यावर 'आय' पुसून 'ही' केलं, 'विल' पुसून 'वुड', 'टुमॉरो'च्या जागी 'द नेक्स्ट डे', डोक्यात फिट्ट बसलं. आपल्याकडं 'की'च्या पुढं माणूस बोलला तसंच ठेवलं तरी चालतं, तिकडं इंग्लिशमध्ये क्रियापदाचा काळ मागं सरकवायचा. कॅनचं कुड, मेचं माइट, मस्ट मात्र तसाच राहिला तरी चालतो. आणि 'सजेस्ट दॅट ही शुड गो' ब्रिटिश वळणाचं, अमेरिकन लोक नुसतं 'ही गो' म्हणतात, 'गोज' नाही, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच. सर अडलं तर मराठी-कन्नड दोन्हीतून सांगतात, चिडत नाहीत. बॅच तेवढी मोठी आहे, मागं बसलं की फळा नीट दिसत नाही, लवकर जाऊन पुढची जागा धरा.