नवा गज, जुना गज की कार्बनचा?

व्हायोलिनसाठी चांगला गज, म्हणजे तारांवर फिरवायची केस ताणलेली काठी, घ्यायचा म्हटलं की तीन पर्याय असतात: कारागिराने घडवलेला पर्नाम्बुको लाकडाचा नवा गज, दुरुस्त केलेला जुना गज किंवा कार्बन फायबरचा. तिन्ही साधारण 60 ग्रॅमचे, लांबी 74-75 सेंटिमीटर. फरक कळतो तो काही बिघडलं की.

कार्बनची काठी ऊन-पाऊस मानत नाही, बाक धरून ठेवते. उघड्यावर वाजवणाऱ्याला आणि सतत प्रवास करणाऱ्याला हाच घ्यावा. पण जो बाक कारखान्यातून आला तोच कायमचा, शेकून बदलता येत नाही. डोकं, म्हणजे केस अडकवलेलं पुढचं टोक, तुटलं की गज संपला. शिवाय स्वस्त कार्बन गजांत केस धरणारी लाकडी खुंटी सरसच्या ठिपक्याने चिकटवलेली सापडते. ती काढताना खाचेच्या कडा जातात.

पर्नाम्बुकोला कारागीर कोरडी उष्णता देऊन थोडाथोडा बाक देतो. काठी आतपर्यंत तापली नाही तर बाक काही महिन्यांत सरळ होतो. नव्या गजाबद्दलच्या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण. असा उतरलेला बाक जाणकार हात पुन्हा शेकून आणू शकतो. हे झाड ब्राझीलच्या अटलांटिक किनारी जंगलातलं, 2007 पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये. 2022 च्या निर्णयानंतर ब्राझीलहून बाहेर पडणाऱ्या तयार गजालाही परवाना लागतो. म्हणून नवा गज घेताना लाकूड कुठलं, कधीचं, याचा कागद मागावा. चांगला कारागीर तो देतो. कागदाचं नाव काढताच कुरकुरणाऱ्याकडून घेऊ नये.

आमचं झुकतं माप जुन्या गजाला. झाड नव्याने तोडावं लागत नाही आणि पैसा थेट दुरुस्तीच्या कसबाला जातो. मात्र डोक्यापासून तपासायचं. पाठीमागून तिरप्या उजेडात पाहा. केसाएवढी रेघ आडवी गेली असेल तर ती बहुधा तडा असते. पूर्वी डोकं तुटलेलं असेल तर पाठीत खाच पाडून पातळ लाकडी पट्टी बसवलेली दिसते. असा गज वर्षानुवर्षं वाजतो, पण त्याची किंमत मोठ्या प्रमाणात पडलेली असते. बिनतुटक्या गजाच्या भावात तो घेऊ नये. टोकावरची पट्टी शोभेची नसते, डोक्याच्या कडा फुटू नयेत म्हणून ती असते. ती हस्तिदंताची असेल तर सीमेवर अडचण येते. हाडाची किंवा चांदीची बसवून घ्यावी.

मागचं बटण फिरवल्यावर फ्रॉग, म्हणजे हाताकडचा केस धरणारा ठोकळा, सरकत नसेल, तर बहुतेक वेळा आतल्या पितळी नटाचे आटे झिजलेले असतात. सुटा भाग आहे, बदलला की काम भागतं. याउलट अंगठ्याखालचं चामडं झिजून काठीच घासली गेली असेल तर ते लाकूड परत येत नाही. जुन्या गजावर किंमत पाडून मागायची ती याच जागी.

केस बदलण्याचं काम तिन्ही गजांना लागतं, आणि कारागिराचं रोजचं पोट त्यावरच चालतं. घोड्याच्या शेपटीचे साधारण 150 ते 200 केस दोऱ्याने बांधून, टोकांना राळ लावून ती जाळून, दोन्हीकडच्या खाचांत लाकडी खुंट्यांनी अडकवायचे. फ्रॉगच्या कडीत एक पाचर केस पसरून धरते. खुंटी सरस न लावता आकाराने घट्ट बसते. ती थोडी मोठी राहिली तर डोकं उभं चिरतं. केस आखूड बांधले की दुसरा धोका: कोरड्या हवेत ते आवळतात, बटण पूर्ण सैल करूनही काठी ताणलेली राहते आणि एके रात्री पेटीतच डोकं उडतं. कामावरून परत आलेला गज घरी सैल करून पाहा. काठी केसांच्या मध्याजवळ यायला हवी आणि केस किंचित लोंबायला हवेत. तसं नसेल तर वाजवण्याआधीच तो परत द्या.